तापीभाई पुलवाला

मी खोटं बोलले नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी फक्त एक शब्द गाळला.

झालं असं, की एका रविवारी सकाळी आमच्या डिंडोलीतल्या सोसायटीच्या नाक्यावर, मारुतीच्या देवळाशेजारी, एक लांबलचक पांढरी गाडी येऊन उभी राहिली. कुठल्याशा ट्रस्टची होती. तिच्यावर गुजरातीत मोठा बोर्ड होता. गुजराती मी लाईट बिलावरून वाचायला शिकले, त्यामुळे मला वेळ लागतो, पण वाचते ते पक्कं. बोर्डावर होतं, 'मफत मोबाइल प्रोस्टेट तपास'. मी घरी आले आणि ह्यांना म्हणाले, "अहो, नाक्यावर मोफत मोबाइल तपासणीची गाडी आली आहे."

बघा, चारांतले तीन शब्द खरे होते. म्हणजे पंचाहत्तर टक्के. (दहावीला मला एवढे मिळाले नव्हते.)

गाळलेल्या शब्दाचा अर्थ मला तरी कुठे माहीत होता? तो मी घरात शिरण्याआधीच सांगितला प्रियाने. प्रिया म्हणजे त्या गाडीबरोबर आलेली मुलगी. गळ्यात ओळखपत्र, हातात पेन, आणि सगळ्या जगाला काकी-काका म्हणणारी. ती गल्लीत घरोघरी सांगत फिरत होती. पुरुषांच्या ओटीपोटात एक छोटी ग्रंथी असते, वय झालं की ती वाढते, बहुतेक वेळा साधंच असतं, कधी कधी नसतं. थोडं रक्त दिलं की अंदाज येतो.

"आपल्या बायकांना असती का ती?" माझ्या शेजारच्या मंगलाबाईंनी विचारलं.

"ना काकी, बायडीने नी होय."

"चला, एक तरी दुखणं कमी," मंगलाबाई म्हणाल्या.

मग प्रिया माझ्याकडे वळून म्हणाली, "काकी, काका नवरा होय तो मोकलजो."

तुम्ही सुरतेत राहत नसाल तर सांगते. गुजरातीत 'नवरा' म्हणजे रिकामा, हाताला काम नसलेला, आणि 'मोकलजो' म्हणजे पाठवा. मी लग्न होऊन नवीन आले तेव्हा समोरची गुजराती बाई रोज दुपारी विचारायची, "नवरा छो?" आणि मी लाजून सांगायचे, "खात्यात गेलेत." बिचारी पुष्कळ दिवस गप्पा मारायला आलीच नाही. शब्दाचा अर्थ कळला तेव्हा मला या भाषेचं फार कौतुक वाटलं. बायकांना विचारून केलेली दिसते.

आता हा एक शब्द मी का गाळला, ते सांगते.

हे उधन्याला लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, मास्तर आहेत. जन्म खटखटीत गेल्यामुळे कान जरा मंद झाले आहेत, पण मोठ्याने बोललं की म्हणतात, ओरडतेस कशाला. गल्लीत सगळे त्यांना आप्पा म्हणतात. माणूस भला. कुणाची मयत असो, कुणाचं सामान हलवायचं असो, हे पुढे. फक्त डॉक्टरचं नाव काढलं की ह्यांना खात्यात अर्जंट काम निघतं.

ह्यांचे मोठे भाऊ भाईदास दादा गावी अमळनेरला होते. त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला, आणि लाजेपायी त्यांनी तो कुणाला सांगितला नाही. रात्री उठायचे. जाऊबाईंनी विचारलं, कुठे जाता, तर म्हणायचे, "कुठे नाही, तू झोप." शेवटी कंबर धरून बसले तेव्हा दवाखान्यात नेलं. ते दुखणं हाडापर्यंत गेलं होतं. ह्याच ग्रंथीचं. दादा गेले त्याला दोन वर्षं होत आली.

आणि गेले वर्षभर हेही रात्री उठत होते. बाथरूमच्या दाराशी लाईटचं बटण टक् करून वाजायचं. मग बराच वेळ काही नाही. मग परत टक्. मी अंधारात पडून ऐकत राहायची. एकदा विचारलं, "अहो, कुठे जाता?"

"कुठे नाही," हे म्हणाले. "तू झोप."

तेव्हापासून माझी झोप गेली. म्हणून मी तो शब्द गाळला. प्रोस्टेट म्हटलं असतं, तर हे थेट उधन्याला पळाले असते.

मोबाइल म्हटल्यावर मात्र ह्यांचा चेहरा असा उजळला की मला ओशाळल्यासारखं झालं. ह्यांचा मोबाइल म्हणजे भाईदास दादांचाच, दादा गेल्यावर जाऊबाईंनी दिलेला. सारखा बंद पडायचा. आमचा योगराज हजीऱ्याला कंपनीत आहे, त्याने दोनदा नवीन आणून देतो म्हटलं. हे नाही म्हणाले. मला वाटायचं, चिकटपणा आहे, दुसरं काय!

"फुकट बघतात?" हे म्हणाले. "आणि खोलून?"

"आतून तपासतात," मी म्हणाले. (हेही खरंच होतं.)

ह्यांनी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं आणि मोबाइल रुमालात गुंडाळून घेतला. लेकीला दाखवायला न्यावं तसे आम्ही निघालो.

नाक्यावर चांगलीच रांग होती. रांगेत पुरुष होते आणि त्यांना धरून त्यांच्या बायका होत्या. पुरुषांमध्ये आत काय करतात याबद्दल एक भलतीच अफवा पसरली होती. (ती मी इथे लिहीत नाही. मंगलाबाईंनी मला कानात सांगितली आणि आम्ही दोघींनी पदर तोंडाला लावला.) मंगलाबाईंचे मिस्टर चिंधाभाऊ दोनदा रांग सोडून गेले आणि दोनदा शर्ट धरून परत आणले गेले. शेवटी प्रियाने जाहीर केलं, की आज फक्त विचारपूस आणि हातातून रक्त. बाकी काही लागलं तर डॉक्टर नंतर बोलावतील आणि तेही मिनिटाचं काम असतं. तेव्हा कुठे रांगेला रांगेचा आकार आला. ह्यांच्या कानापर्यंत यातलं काही पोचलं नाही. हे देवळाच्या कट्ट्यावर सावलीत बसून मोबाइलची काच पुसत होते. नाव लिहायला मी टेबलाशी गेले.

आणि तिथेच माझं अडलं.

"काकी, काकानुं नाम?" प्रियाने विचारलं.

आता मी दहावी शिकलेली बाई आहे, मला कळतं. पण लग्न झाल्यापासून, उखाणा सोडला तर, मी ह्यांचं नाव तोंडाने घेतलेलं नाही. आमच्याकडे घेत नाहीत. रेशन कार्डाला, बँकेत, सगळीकडे हे बरोबर असतात नाहीतर योगराज असतो.

"आप्पा," मी म्हणाले.

"आप्पा तो बधा ज होय. साचुं नाम बोलो."

"योगराजचे पप्पा."

"काकी," प्रिया हात जोडून म्हणाली, "योगराजना पप्पानुं लोही लेवानुं छे. नाम तो जोईशे ने!" (लोही म्हणजे रक्त.)

मागून मंगलाबाई ओरडल्या, "नाव ले ना वं! लाजस काय? उखाना ले!"

झालं! रांगेतल्या सगळ्या बायकांना हेच हवं होतं. "उखाणा! उखाणा!" एक टाळ्या वाजवायला लागली. पुरुषसुद्धा आपलं दुखणं विसरून बघायला लागले. मला घाम फुटला. हळदीकुंकवाला घ्यायचे ते उखाणे एकदम डोक्यातून गेले, आणि जे सुचलं ते मी डोळे मिटून म्हणून टाकलं:

"तापीच्या पुलावर गार सुटला वारा,
अमुकरावांचं नाव घेते, लाईन पुढे सारा!"

(अमुकच्या जागी नाव घेतलं होतं. इथे लिहिताना हात अडतो.)

बायकांनी एवढा कल्ला केला की देवळातली कबुतरं उडाली. प्रियाला मराठी बेताचीच येते. पहिल्या ओळीनंतर तिच्या कानावर काय पोचलं असेल, ते मारुतीलाच ठाऊक. पण तिने हसून मान हलवली, भराभर लिहिलं आणि मोबाइल नंबर विचारला. ह्यांचा तर तपासायला आणलेला, म्हणून मी माझा दिला. तिने दिलेली चिठ्ठी मी लाजेने न बघताच घडी घातली आणि कट्ट्यावर जाऊन ह्यांच्या हातात ठेवली.

ह्यांनी चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरली. "तापीभाई... पुलवाला," अक्षरं लावत हे म्हणाले. "मिस्त्रीचं नाव वाटतं."

सुरतेत जरीवाला आडनावाचे आहेत, दोरीवाला आहेत, चोखावाला आहेत. पुलवाला नसेलच असं कोण म्हणेल? मी म्हणाले, "असेल." माझ्या डोक्यात तेव्हा एकच होतं, हे एकदाचे आत जाऊ देत.

आत काय झालं ते मला दुपारी चिंधाभाऊंकडून कळलं. ते पडद्याच्या अलीकडे आपल्या पाळीची वाट बघत बसले होते आणि भीतीने त्यांचे कान खात्यातल्या सायरनएवढे मोठे झाले होते. त्यांना फक्त ऐकू येत होतं, दिसत काही नव्हतं. तसंच सांगते.

"आइए तापीभाई," डॉक्टर म्हणाले.

"नमस्ते तापीभाई," हे म्हणाले. ह्यांना वाटलं, मिस्त्रीने आपली ओळख करून दिली. पांढरा कोट पाहून बरंही वाटलं, असं ह्यांनी मागाहून सांगितलं. किती स्वच्छ काम!

"कब से तकलीफ है?"

"डेढ साल हुआ साहेब. पहिले एकदम बढिया चलता था."

"रात को उठना पडता है?"

"रोज. तीन बार, चार बार. नहीं उठा तो एकदम बंद होएगा, ऐसा डर लगता है."

"चालू होने में देर लगती है?"

"बहुत. दबा के रखना पडता है, तब कहीं होता है."

"बीच में रुक जाता है?"

"रुकता है. फिर अपने मन से चालू होता है."

"धार कैसी है?"

बाहेर गाडीचा जनरेटर घरघरत होता. धार ह्यांच्या कानात तार होऊन शिरली.

"एकदम ढीली साहेब. हात से टेढी पकड के खडा रहना पडता है."

पेन थांबल्याचं चिंधाभाऊंना ऐकू आलं म्हणे.

"जलन होती है?"

"गरम तो इतना होता है, पूछो मत."

"घर में और किसी को था?"

"बडे भाई का ही है ये," हे म्हणाले. "भाई गया, उसके बाद मेरे पास आया."

 डॉक्टरांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "चिंता मत करो," ते हळू आवाजात म्हणाले. "आजकल सब का इलाज है."

"सच? बाकी लोग तो बोले, फेंक दो."

"फेंक दो?" डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. "कौन बोला? ऐसे कैसे कोई बोल सकता है! पहले खून की जाँच होगी. उधर सिस्टर के पास जाइए."

पुढचं मी स्वतः पाहिलं. गाडीचं मागचं दार उघडलं आणि हे पायरीवर आले. एक बाही वर, एका हातात मोबाइल.

"सुषमा!"

माझं नाव ह्यांना घेता येतं. चांगलं खणखणीत घेतात. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली.

"मोबाइल बघतात म्हणालीस ना? ती बाई रक्त मागते आहे!"

"अहो, गाडी मोबाइल आहे," मी म्हणाले. "मोबाइल म्हणजे फिरती."

"आणि बघतात काय?"

मी जवळ गेले. मोठ्याने बोलावं तर रांग ऐकणार, हळू बोलावं तर ह्यांना ऐकू येणार नाही. शेवटी पायरीवर चढून मी ह्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"दादांना झालं होतं, ते."

ह्यांचा चेहरा एकदम दगडासारखा झाला. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर आला असता?"

ह्यांनी वर सरकवलेली बाही खाली ओढली.

"दादांना कुणी खोटं बोलून आणलं असतं ना," मी म्हणाले, "तर बरं झालं असतं."

हे थोडा वेळ हातातल्या मोबाइलकडे बघत उभे राहिले. मग वळले आणि आत गेले. रक्त देऊन बाहेर आले ते माझ्याशी एक शब्द न बोलता घराकडे चालायला लागले. मी मागून निघणार, तेवढ्यात डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून हिंदीत सांगितलं, ते असं.

"काकी, लक्षणं बरीच आहेत. भावालाही होतं म्हणतात. रिपोर्ट येऊ दे, आम्ही फोन करू. घाबरू नका. पण वेळ पडली तर मोठ्या दवाखान्यात न्यायची तयारी ठेवा."

तोंडाने घाबरू नका म्हणणारा डॉक्टर स्वतः घाबरलेला दिसला की बाईने काय करावं?

दुपारी चिंधाभाऊंनी आतलं सगळं शब्दन् शब्द सांगितलं आणि वर म्हणाले, "वहिनी, आप्पांनी किती सोसलं हो एकट्याने! हाताने धरून उभं राहावं लागतं म्हणे!" मंगलाबाईंच्या डोळ्यांना पदर. माझं तर विचारूच नका. हे मोबाइलबद्दल बोलले असतील असं क्षणभर वाटलं, पण रात्रीचं टक्, टक् तर खरं होतं.

ह्यांना विचारावं, तर ह्यांनी अबोला धरला होता. आमच्याकडे अबोल्याची पद्धत अशी, की बोलायचं सगळं, पण भिंतीशी. "कुणाला वेळ असेल तर चहा मिळेल का?" असं हे कॅलेंडरला विचारायचे आणि मी कॅलेंडरसमोर चहा ठेवायची. ह्यांना राग होता की मी फसवलं. मी काही म्हटलं नाही. फक्त रोज चांगलंचुंगलं करायला लागले. एके दिवशी भरीत आणि कळण्याची भाकरी, दुसऱ्या दिवशी शेवभाजी, तिसऱ्या दिवशी पुरणाचे मांडे. मांडे बघून हे कॅलेंडरला म्हणाले, "सण तर कुठला दिसत नाही. घरातलं कुणी जायला टेकलं आहे का?"

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. रडण्याचा आवाज त्यात जातो.

रात्रीचं टक्, टक् चालूच होतं.

बुधवारी चिंधाभाऊंचा रिपोर्ट आला. नॉर्मल. त्यांनी गल्लीत पेढे वाटले, जणू स्वतः परीक्षा दिली होती. गुरुवारी मागच्या लाईनीतल्या तिघांचे आले. सगळे नॉर्मल. आमचा नाही. मी मोबाइल घेऊनच फिरत होते. कणिक मळतानाही तो फडताळात डोळ्यांसमोर उभा करून ठेवलेला. मला वाटायचं, चांगले रिपोर्ट आधी सांगत असतील आणि वाईट मागे ठेवत असतील. शब्द जुळवत बसले असतील.

आणि नेमक्या याच दिवसांत एका राँग नंबरने मला पिडलं.

"हॅलो, तापीभाई साथे वात थशे?"

"राँग नंबर," म्हणून मी ठेवला. नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण रिपोर्टापुढे दुसरं काही डोक्यात शिरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "तापीभाई छे?" मी म्हटलं, "नथी," आणि ठेवला. शुक्रवारी तिसऱ्यांदा. तोवर माझा धीर पार संपला होता. मी एरवी कुणाला टाकून बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले.

"अहो बाई, इथे कुणी तापीभाई नाही! माझ्या मिस्टरांचा रिपोर्ट यायचा आहे, माझा जीव टांगणीला लागलाय. तुम्ही सारखी लाईन अडवता आणि तिकडे डॉक्टरांना फोन लागत नसेल! आता पुन्हा केलात तर पोलिसांत जाईन!"

पलीकडून "पण काकी..." असं काहीतरी आलं. मी बंद केला. आणि एक विचार करून तो नंबरच ब्लॉक करून टाकला. (हे योगराजने शिकवलं होतं. मुलांनी आईला फार काही शिकवू नये.)

रविवार आला. सकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते, हे आत कॅलेंडरशी बोलत होते. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी प्रिया दिसली. दर दाराशी थांबून काहीतरी विचारत होती आणि लोक मान हलवत होते. वाईट बातमी माणूस पाठवून सांगतात, तसंच हे.

मंगलाबाईंच्या दाराशी तिचा आवाज ऐकू आला. "काकी, अहींया तापीभाई पुलवाला क्यां रहे छे?"

"पुलवाला? आमनी गल्लीमा कोनी पुलवाला नही शे," मंगलाबाई म्हणाल्या. "कोन शे तो?"

"बहु वखत फोन कर्यो. कोई बेन उपाडे छे ने गाळ दे छे."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

तापीभाई पुलवाला. तापीच्या पुलावर. चिठ्ठी. मिस्त्रीचं नाव.

"प्रिया!" मी ओरडले. "शिव्या देणारी बेन मी आहे!"

ती धावत आली. "काकी! तमे? तापीभाई तमारा ज...?"

"रिपोर्ट सांग आधी!"

"नॉर्मल छे काकी! बधुं नॉर्मल! अमे तो बुधवारना कहेवा माटे फोन करीए छीए!"

मी ओट्यावर बसले ती बसलेच. बुधवारपासून चांगली बातमी माझं दार ठोठावत होती, आणि मी तिला पोलिसांची भीती घालून हाकलत होते. मी रडायला लागले. मंगलाबाई आल्या आणि मी रडते आहे हे पाहून त्याही रडायला लागल्या. मग नॉर्मल आहे हे कळल्यावर जास्त जोरात रडल्या. आवाज ऐकून हे बाहेर आले.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं. सरळ मला विचारलं, कॅलेंडरला नाही.

"काही झालेलं नाही तुम्हाला!" मी म्हणाले. "काहीच झालेलं नाही!"

"मग रडतेस कशाला?"

प्रिया म्हणाली, "पण काका, डॉक्टर साहेब पूछे छे, रिपोर्ट आटलो सारो छे तो रातना चार वखत केम उठो छो? एक वार मळी जाव."

"सांगा आता," मी म्हणाले. "कुठे जाता रात्री?"

ह्यांनी मग खिशातून मोबाइल काढला.

"ह्याच्यासाठी उठतो. चार्जिंग टिकत नाही. एकदा का पूर्ण बंद पडला, तर परत चालू होईल की नाही भरवसा नाही. वॉशिंग मशीनच्या प्लगालाच त्याची तार धरते, तीही वाकडी पकडून ठेवली तर. म्हणून उभा राहतो तिथे."

बाथरूमच्या दाराशी. लाईटचं बटण. टक्.

"मग नवीन का नाही घेत?" मी विचारलं.

"ह्यातलं दुसऱ्यात जाणार नाही म्हणाले दुकानवाले. फेकून द्या म्हणाले."

आणि ह्यांनी बटण दाबून धरलं, बराच वेळ वाट पाहिली आणि मोबाइल माझ्या कानाशी आणला. आत खरखर होती. मग भाईदास दादांचा आवाज आला, अगदी अंगणातून हाक मारावी तसा. दादांनी कधीतरी ह्याच मोबाइलवरून ह्यांच्या, आता मोडीत गेलेल्या, जुन्या फोनवर बोलून धाडलेला निरोप. ते ह्यांचं नाव घेऊन विचारत होते, "जेवना का रे भो?"

एवढंच. जेवलास का रे.

सासू-सासरे गेले. दादा गेले. गल्ली आप्पा म्हणते, खातं मास्तर म्हणतं, मी अहो म्हणते. ह्यांना नावाने हाक मारणारं माणूस आता त्या डबड्याच्या आतच तेवढं उरलं होतं आणि हे रात्रभर तार वाकडी धरून त्याला जागं ठेवत होते.

(योगराजने संध्याकाळी येऊन तो आवाज माझ्या मोबाइलमध्ये घेतला. पाच मिनिटं लागली. वर्षभर माझी झोप गेली होती त्या पाच मिनिटांपायी.)

प्रियाने डोळे पुसले आणि पेन काढलं. "चालो काकी, हवे कागळमां सुधारी लईए. काकानुं साचुं नाम बोलो. गीत नी गाता हों!"

मंगलाबाईंनी टाळीसाठी हात वर केलेच होते. मी त्यांना थांबवलं. आठ दिवस माणूस जाईल की काय म्हणून झुरले, आणि त्याचं नाव घ्यायला लाजायचं? उखाणा नको, राव नको, काही नको. मी ह्यांच्याकडे सरळ बघितलं आणि मोठ्याने म्हणाले,

"दगा."

ह्यांना ते ऐकू आलं. मंद कान असूनही ऐकू आलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

प्रियाचं पेन मात्र हवेतच राहिलं. "हाय हाय! काकाए दगो कर्यो? कोनी साथे?" आणि तिने ह्यांच्याकडे असं बघितलं, की ह्यांनी मोबाइल पाठीमागे लपवला.

"नाही गं! नाव आहे ते! आमच्याकडे दगा म्हणजे दगड. दादांनंतरची सासूबाईंची दोन बाळं राहिली नाहीत, म्हणून हा तरी दगडासारखा टिकावा..."

मी खूप समजावलं. प्रियाने सगळं ऐकून घेतलं, माझा हात हातात घेऊन थोपटला आणि पेनाचं टोपण लावलं.

"समजी गई काकी. पण रिपोर्ट पर 'दगो' सारुं नी लागे. तापीभाई ज राखीए."

एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेतलं, आणि कुणी लिहूनसुद्धा घेतलं नाही.